शेजारी जागेवर होता

१

शनिवारी दुपारी बाराला जेबा अकोल्याहून येऊन राजापेठेत उतरली, तेव्हा 'पयोष्णी नेट'च्या जिन्यावर पायरीपायरीला माणसं बसली होती आणि त्यातलं कुणी उठायला तयार नव्हतं. तिला वर जाऊ द्यायलाही तयार नव्हतं.

"तुमी कोन?"

"स्विच पाहायला आली."

"पाहा पाहा. कालपासून समदेच पाहून राह्यले," एक म्हातारा म्हणाला आणि त्यानं उपकार केल्यासारखा एक गुडघा बाजूला घेतला.

झालं होतं ते असं. सन दोन हजार अठरा. तूर उदंड पिकली होती आणि बाजारात तिला कुत्रं विचारत नव्हतं. सरकार हमीभावानं घेणार, पण ज्याची ऑनलाइन नोंदणी त्याचीच. त्या सालात शेतकऱ्याचं सगळंच सरकारला ऑनलाइन हवं होतं. ऊन तेवढं ऑफलाइन पडत होतं. शुक्रवार हा नोंदणीचा शेवटचा दिवस, संध्याकाळी सहापर्यंत. आणि नेमकं दुपारी दीडनंतर तीन तालुक्यांतल्या त्रेसष्ट सेवा केंद्रांवर नोंदणीची साइट उघडेनाशी झाली. त्या सगळ्या केंद्रांना नेट द्यायचं 'पयोष्णी'. सहाला नोंदणी बंद झाली, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी साइट फुलासारखी उघडली.

बिघाड असा घड्याळ पाहून येतो का, हा जिन्यावरच्या माणसांचा प्रश्न होता. प्रश्न चुकीचा नव्हता.

वर मालक उत्तमराव येरझारा घालत होते. साठीचे. घरचा फुलमळा, गजरेवाल्यांना फुलं पुरवता पुरवता केबल टाकली, केबलवरून नेटवर आले. त्यांनी जेबाला खुर्ची दिली. ती बसली नाही. तिला बसवतच नसे. बँकांचे स्विच, म्हणजे नेटची वाट ठरवणाऱ्या पेट्या, बसवून द्यायची म्हणून रात्रंदिवस फिरती, आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी अंगात तीच सवय.

"पाच वाजता फौजदार येतात," उत्तमराव म्हणाले. "माणूस सापडला आहे. आमचाच इंजिनिअर. मोहसीन. त्याच्या मामाची परतवाड्याले आडत आहे, तुरीचीच. नोंदणी झाली नाई का लोकायची तूर जाते कुठं? आडतीवर. हे पाहा, स्विचचा कागद. एक वाजून पस्तीसला त्याच्या नावानं आत जाऊन कोनीतरी खुडबुड केली. तुमी फक्त लिहून द्या का हे मुद्दाम केलेलं काम आहे."

"माझ्याकडूनच कशाला? अमरावतीत माणसं नाहीत?"

उत्तमराव घुटमळले. मग खरं बोलले, कारण त्यांना खोटं नीट जमत नसे.

"तुमी त्यायच्यातल्या आहा, मॅडम. तुमच्या हातून गेलं त कोनी आमच्यावर बोट नाई दाखवणार."

म्हणजे तिचं शिक्षण नको होतं, अनुभव नको होता. तिचं नाव हवं होतं, शिक्क्यासारखं. आता ती गेली तर मोहसीन आत जाणार. राहिली आणि तो सुटला, तर जिना म्हणणार, आपल्यातल्याला सोडवलं.

"तो कुठं आहे?" तिनं विचारलं.

"आतल्या खोलीत. कालपासून."

"कालपासून? कोंडला का?"

उत्तमरावांनी खिडकीकडे पाहिलं.

२

मोहसीन सव्वीस वर्षांचा. खोलीत खुर्ची असूनही जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता, डोळे लाल.

"बाजी, तुमी पण लिहूनच द्यायले आल्या ना?" थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला.

"विचारायला आली. काल दीडला कुठं होतास?"

"जुम्मा होता. नमाजले. फोन बंद. सव्वादोनला आलो त सगळे फोन वाजून राह्यले होते. पण हे लोक म्हनतात मशिदीतून मोबाइलवर केलं." तो कोरडं हसला. "सजद्यात डोकं टेकून एका हातानं टाइप केलं असंन मी."

"आल्यावर काय पाहिलंस?"

"अकोल्याकडचा शेजारी. तो जागेवर होता, बाजी! हिरवा, उभा, बोलून राह्यला. मी लिहिलेल्या ओळी जशाच्या तशा. वायर ठीक. मी म्हटलं, आमाले नेट देनाऱ्या वरच्या कंपनीकडूनच काहीतरी असंन. वरच्यायले फोन लावत बसलो. साडेतीनला लोक आत घुसले, मले खुर्चीतून ओढलं."

शेजारी म्हणजे काय, ते इथं सांगायला हवं. अमरावतीचा स्विच आणि अकोल्याचा स्विच. दोन पेट्या, मध्ये काचेची तार. कुठला पत्ता कुणीकडे, हे त्या दिवसभर एकमेकींना सांगत असतात. म्हणून एकीच्या यादीत दुसरीचं नाव 'शेजारी' म्हणून घालावं लागतं. पण इंटरनेटवर पत्त्यांची कुटुंबं दोन. एक जुनं, आखूड आकड्यांचं. जुने पत्ते संपत आले म्हणून निघालेलं दुसरं नवं, लांबलचक. शेजाऱ्याशी कुठल्या कुटुंबाबद्दल बोलायचं, हे स्विचला कुटुंबागणिक वेगळं सांगावं लागतं. जुन्यापुरती तेवढी एक मेहेरबानी असते: न सांगताच ते चालू होतं. नव्यासाठी मुद्दाम ओळ लिहावी लागते.

"तुझ्या ओळी किती?"

"चार. शेजारी काढा. शेजारी घाला. नव्या कुटुंबात जा. तिथं चालू करा. भिंतीवर लावून ठेवल्या आहे. लाइन अडखळली का काढून घाला, ठीक होते."

"भिंतीवर? आणि पासवर्ड?"

"फ्यूजबोर्डाच्या झाकणावर लिहिला आहे."

"म्हणजे 'मोहसीन' या नावानं कोण कोण आत जातं?"

"सगळेच जातात, बाजी. कंपनीत पहिला मीच लागलो. नाव माझं पडलं, किल्ली सगळ्यायची झाली."

जेबा निघाली. दाराशी थांबली.

"ओढलं तेव्हा फोन तुझ्याकडे होता?"

"उत्तमकाकांनी तेव्हाच काढून घेतला. अजून त्यायच्याकडंच आहे."

जेबाच्या डोक्यात काहीतरी खट्टकन वाजलं. पण ते काय, हे पाहायच्या आत जिन्यावर आरडाओरडा झाला आणि एक बाई कठड्यावर हात आपटत वर आली.

३

बेबीताई. मोझरीजवळच्या गावात सेवा केंद्र चालवतात. काल त्यांच्या दारात साठ माणसं होती, आणि साठातले सतरा त्यांचे नातेवाईक.

"कोन आहे ते मॅडम? तुमी का? लिहून घ्या माहं. दीडपर्यंत भराभर चाललं. मंग तुरीचं बंद. आन् यूट्यूब चालू! माहा पुतण्या बाजूले बसून कुस्त्या पाहून राह्यला आन् माही तूर मेली. म्हनजे वेचून बंद केलं का नाई? हे बिघाड होय का? बिघाड असता त कुस्त्याबी बंद पडल्या असत्या!"

"बरोबर बोलता," जेबा म्हणाली.

बेबीताई गडबडल्या. त्या भांडायच्या तयारीनं आल्या होत्या.

"काल दुपारी दुसरं काही उघडलं होतं? तूर सोडून?"

"दुसरं कशाले उघडीन? हां, एका पोराचं बसचं रिझर्व्हेशन होतं. तेबी नाई झालं. बँकेचं पासबुक छापायचं होतं, ते यंत्र नुसतंच घरघर. पन ते रोजचंच."

"आणि चाललं काय काय?"

"यूट्यूब. गूगल. व्हॉट्सॲप नुसतं वाजून राह्यलं."

जेबानं डोळे मिटले. तूर, बस, बँक: तिन्ही जुन्या पत्त्यांवरच बसलेल्या. यूट्यूब, गूगल, व्हॉट्सॲप: मोठ्या कंपन्या, दोन्ही कुटुंबांत घर केलेल्या. कुणी तूर वेचली नव्हती. अख्खं जुनं कुटुंब पडलं होतं. तूर तेवढी दिसली, कारण दार ठोठावायला तिच्यासाठीच साठ माणसं उभी होती.

"ताई, ज्याला तुरीवर डाव साधायचा, तो बस आणि बँक कशाला पाडेल?"

बेबीताईंनी तिच्याकडे तिरपं पाहिलं. "तुमी त्या पोराले सोडवाले आल्या का?"

"मी खरं काढायला आली."

"सगळे असंच म्हनतात," बेबीताई म्हणाल्या, पण त्या जायच्याऐवजी उत्तमरावांच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. "काढा. मी हलत नाई इथून."

४

जीवन हा उत्तमरावांचा पुतण्या. अकोल्याचा स्विच एकटा सांभाळायचा, पुण्यात क्लास करून आलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं. सकाळीच गाडीनं आला होता.

"मॅडम, मी काय सांगणार? मी काल दिवसभर अकोल्यात. इकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांनी रात्री सांगितलं की तुरीची साइट बंद होती, एवढंच माहीत."

"मोहसीन कसा आहे कामाला?"

"आहे ठीक. पण जुनाट. ओळी पाठ करून काम करतो. आता दुपारी जुन्याची यादी एकदम शून्य, नवीन सगळं चालू, एवढं समोर दिसतं तर अडाण्यालाही कळावं! हा बसला वरच्यांना फोन करत."

"हं," जेबा म्हणाली. "आणि हा कागद? तू काढलास?"

"हो. अकोल्याच्या कॉम्प्युटरवर नोंदी जमा होतात. काकांनी मागितला, मी छापून आणला."

"एकच पान?"

"लागतं तेवढंच आणलं."

"बाकीच्या नोंदी?"

"त्या..." त्याचा हात पेनांवर गेला. "डिस्क भरली होती मॅडम. जुनं आपोआप पुसलं जातं."

कालचं जुनं झालं होतं. आजच.

जेबा काही न बोलता स्विचच्या खोलीत गेली. जीवन मागोमाग आला. तिनं दार लावून घेतलं, त्याच्या तोंडावर. एसी घशाशी आल्यासारखा गुरगुरत होता. नोंदी दुसरीकडे पाठवल्या तरी स्विच थोड्या स्वतःच्या पोटातही ठेवतो, आणि पेटी बंद करून चालू केली नाही तोवर त्या राहतात. क्लासमध्ये हे शिकवतात की नाही, देव जाणे. तिनं फ्यूजबोर्डाचं झाकण उघडलं, पासवर्ड वाचला आणि 'मोहसीन' होऊन आत गेली.

शुक्रवार, एक पस्तीस. भिंतीवरच्या चार ओळी, अक्षर न् अक्षर. खाली सव्वादोन ते साडेतीन पाहणीच पाहणी, चाळीस वेळा, घाबऱ्याघुबऱ्या माणसाची. मग बराच वेळ काही नाही.

आणि मग सहा वाजून दहा. नाव: मोहसीन. काही पाहिलं नाही, तपासलं नाही. सरळ जुन्या कुटुंबात जाऊन 'चालू' ही एकच ओळ, आणि बाहेर. चाळीस सेकंदांत.

सहा दहाला मोहसीन कोंडलेला होता. त्याचा फोन उत्तमरावांच्या खिशात होता.

जेबा नोंदींमध्ये मागे मागे सरकत गेली. गुरुवार. बुधवार. बुधवारी सकाळी एक ओळ, एकटीच. तिनं ती दोनदा वाचली आणि कागदावर उतरवून घेतली.

५

तीन वाजून गेले होते. जिन्यावर भजी आली होती, राग गेला नव्हता. जेबानं उत्तमरावांना गॅलरीत गाठलं.

"काल दुपारी लाइन अडखळली होती का?"

"ते त रोजच अडखळते."

"मग काय केलंत?"

"काय करतो? काढून घातलं. मोहसीन नमाजले जाते ना, त शुक्रवारी मीच करतो. चार ओळी, पाहून पाहून. यात काय इंजिनिअरिंग आहे? केबलच्या काळात डब्याची पिन काढून घालो, तसंच."

"किती वाजता?"

"घड्याळ कोन पाह्यते? खालच्या क्लासची सुट्टी झाली होती, पोरं गाड्या काढून राह्यले होते."

"खाली पाटीवर लिहिलं आहे, क्लास सुटतो दीडला."

"हो..." म्हणाले, आणि थांबले. मग घाईनं: "पन मी केल्यावर चाललं! खातरी केल्याबिगर मी उठत नाई. यूट्यूबवर खंजिरी भजन लावलं, अख्खं ऐकलं. फस्क्लास. मोहसीननं जे केलं ते मंग केलं असंन, मोबाइलवर."

"नोंद एकच आहे, काका. एक पस्तीसची. ती तुमची."

उत्तमरावांनी कठडा धरला. "चारच ओळी होत्या. वर्षभर त्याच घालतो. कधी काही झालं नाई."

"माहीत आहे."

"मंग कालच काहून?"

खाली रस्त्यावर कुणीतरी ओरडलं, फौजदारांची गाडी आली म्हणून. पाच वाजायला अजून दीड तास होता. त्यांनाही जिन्यावरच्या गर्दीची खबर लागली होती.

६

फौजदार मध्यमवयीन, घामेजलेले, डोकं शांत. "सही झाली का मॅडमची? माणूस द्या, कागद द्या, मला हा जिना मोकळा करायचाय."

"माणसं दोन आहेत," जेबा म्हणाली. "सगळ्यांना आत घ्या. जिन्यावरच्यांनाही."

दहा-बारा जण आत मावले, बाकीचे दारात लोंबले. मोहसीनला आणलं. बेबीताई खुर्चीतून हलल्या नाहीत. फौजदार उभे राहिले.

जेबा बोलताना फेऱ्या मारत होती, आणि तेवढ्या जागेत फेऱ्या मारायच्या म्हणजे प्रत्येक वेळी कुणाच्या तरी पायावर पाय.

"शेजाऱ्याशी जुन्या पत्त्यांचं बोलणं स्विच स्वतःहून चालू करतो, न सांगता. म्हणून मोहसीननं भिंतीवर लिहिलं ते फक्त नव्याचं. जुन्याची ओळ लागतच नव्हती. बुधवारी कुणीतरी स्विचला सांगितलं, यापुढे जुन्याचंही स्वतःहून चालू करायचं नाही, सांगितलं तरच करायचं. चांगलं काम आहे ते, शिकलेल्या माणसाचं. पण त्यानं आधीच्या शेजाऱ्याला धक्का लागत नाही. तो बोलत राहतो. बुधवार गेला, गुरुवार गेला. ज्या दिवशी कुणी त्या शेजाऱ्याला काढून परत घालेल, त्या दिवशी जुनं मुकं होणार. शुक्रवारी दीडनंतर उत्तमकाकांनी काढून घातला."

दारातून आवाज उठला. उत्तमरावांनी दोन्ही हात वर केले. "केलं. मी केलं. मले ठाऊक नोयतं."

"नव्हतंच ठाऊक. नवं चालू होतं, त्यावर यांनी भजन ऐकलं आणि खात्री करून उठले. मोहसीन आला, त्याला शेजारी उभा दिसला, आपल्या चारही ओळी जागच्या जागी दिसल्या. बुधवारची ओळ त्याला कुणी सांगितली नव्हती, आणि शोधायला हवा तेवढा वेळ तुम्ही त्याला दिला नाही." ती दाराकडे वळली होती. जिन्यावरच्या दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. "आता सहा दहा. कुणीतरी आत येतं, काहीही न तपासता नेमकी एकच ओळ घालतं आणि जातं. जो शोधत नाही, त्याला जागा माहीत असते. तेव्हा मोहसीन कोंडलेला, फोन काकांकडे."

"किल्ली सगळ्यांकडे आहे," जीवन म्हणाला. "श्रावण नाही का, जनरेटरवाला? तो पण..."

"श्रावणला जुनं कुटुंब कोणतं, नवं कोणतं, माहीत आहे?"

कुणीतरी फसकन हसलं. श्रावण दारातच होता. "मले माह्या घरचंच कुटुंब समजत नाई, बाई."

"जीवन, तू म्हणालास, काल इकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांनी रात्री एवढंच सांगितलं की तुरीची साइट बंद होती. मग जुन्याची यादी शून्य आणि नवीन सगळं चालू, हे तुला कुठून कळलं? काल दिवसभर या अख्ख्या जिल्ह्यात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मला आज बेबीताईंनी कुस्त्यांचं सांगितलं तेव्हा कळलं."

जीवनचा हात पुन्हा खिशातल्या पेनांवर गेला.

"अकोल्याचा स्विच मी इथून पाहिला. तिथं तीच ओळ आहे, बुधवारचीच, इथल्या आधी पाच मिनिटं. पण तिथं जुनं चालू करायची ओळही आहे, लगेच खाली. म्हणजे तिथं तू शेजारी काढून घालून पाहिलास, जुनं मुकं झालं, तू शिकलास, दुरुस्त केलंस. मग इथं तीच पहिली ओळ घातलीस आणि दुसरी घातली नाहीस. का?"

"राहिली." आवाज एवढासा. "चहा आला होता. मग राहिलीच. काढून कोण घालणार आहे, म्हटलं."

"काका घालतात, दर शुक्रवारी. तुला माहीत होतं."

"होतं."

"काल कधी कळलं?"

"चारला."

बेबीताई हळूहळू उठल्या.

"चारले? चारले कळलं तुले? आन् सहा दहाले लावलं? माह्या दारात साठ मानूस उभं होतं रे! चाळीस सेकंदाचं काम म्हनते हे बाई!"

"चारला लावलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, तुला कसं कळलं," जीवन म्हणाला. "मला वाटलं, नोंदणी संपली की लोक घरी जातील. मोहसीनवर जाईल असं नव्हतं वाटलं. मग गेलंच, तर... बोलायचं राहिलं."

"हेबी राहिलं," बेबीताई म्हणाल्या. त्यांनी हात उगारला होता, तो फौजदारांनी हवेतच धरला. तोवर जेबानं उभ्याउभ्याच झालं ते सगळं कागदावर उतरवलं होतं.

उत्तमराव जेबाजवळ आले, खालच्या आवाजात. "मॅडम, 'तांत्रिक बिघाड' लिहा. कोनाचंच नाव नको. पोरगा सुटला ना? झालं. जीवन्याच्या मायनं माह्या हाती दिलं आहे त्याले."

"मोहसीन कुणी हाती दिला नव्हता तुमच्या?"

"तसं नाई..."

"नावं नसली तर उद्या परतवाड्यात काय बोलतील? बिघाड म्हणून दाबलं, मामानं पैसे चारले. मी लिहिलं आहे ते वाचा. नावासकट. मी सही केली आहे. आणि तहसीलदारांपुढेही हेच ठेवा. कंपनीनं लेखी चूक कबूल केल्याशिवाय या लोकांसाठी मुदत मागायला तोंड कुठं आहे?"

उत्तमरावांनी कागद घेतला. डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. मग त्यांनी तो जीवनपुढे धरला.

"तुहं पह्यलं. मंग माहं."

"काका..."

"कर. नाईतर मी तुहं नाव स्वतः घालतो."

जीवननं खिशातलं पेन काढलं. दोनदा उठलं नाही, तिसऱ्यांदा उठलं. उत्तमरावांनी खाली सही केली, तारीख टाकली, आणि खिशातून मोहसीनचा फोन काढून त्याच्यापुढे धरला.

"चाल बेटा. झालं गेलं. चहा घे, तोंड धू. उद्यापासून ये."

मोहसीननं फोन घेतला. चहाकडे पाहिलं नाही.

फौजदारांनी कागद घडी करून खिशात घातला, टोपी चढवली आणि सवयीनं, दारातून मागे वळून, ज्याचं उत्तर कुणी देत नाही तो प्रश्न विचारला: "तुमची काही तक्रार नाही ना, मोहसीन?"

उत्तमराव हसले, त्याच्या वतीनं. जिन्यावरचा म्हातारा म्हणाला, "जाऊ दे ना भाऊ आता." एवढ्यात खोली मवाळ झाली होती, सगळ्यांनाच वाटत होतं, हा पोरगा चांगला आहे, आता हा 'नाही साहेब' म्हणेल आणि आपण मोकळे होऊ.

मोहसीननं सगळ्यांकडे पाहिलं. मग फौजदारांसाठी खुर्ची ओढली, काल ज्या खुर्चीतून त्याला खेचलं होतं ती स्वतःसाठी ओढली, आणि बसला.

"आहे," तो म्हणाला. "लिहून घ्या साहेब. येळ लागन."